संशोधन फेलोंना पगार द्या, निकाल उघड करा

प्रति,
अमेरिकेतील विद्यापीठ-रुग्णालयांच्या ऑर्थोपेडिक विभागांचे प्रमुख आणि रेसिडेन्सीचे प्रोग्राम डायरेक्टर यांस,

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितो आहे. तुमच्यापैकी काही जण मुंबई-पुणे-नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकून तिकडे गेलेले आहेत. त्यांनी ते सहकाऱ्यांना वाचून दाखवावं. शिवाय ज्या घरांतून या फेलोशिपचा खर्च उचलला जातो, ती घरंही मराठी वाचतात.

मी इथे भारतात ऑर्थोपेडिक्स शिकवतो. एमबीबीएस झालेली, यूएसएमएलई या अमेरिकी परवाना-परीक्षा पार केलेली मुलं शिफारसपत्र मागायला येतात. हातात तुमच्या विभागाची ईमेल असते: एक वर्षाची संशोधन फेलोशिप, वेतन नाही, जे-वन व्हिसासाठी स्वतःचा निधी दाखवावा. त्या निधीसाठी वडील भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढतात, कुणी प्लॉट विकतो. त्या व्हिसावर बाहेर दुसरी नोकरी परवानगीशिवाय करता येत नाही, आरोग्य विमा मात्र सक्तीचा. बॉस्टन किंवा न्यूयॉर्कचं भाडं तुम्हाला मी सांगायला नको.

आणि काम? जुने केसपेपर उघडून रेडकॅप या डेटाबेसमध्ये माहिती भरायची, शेकडो एक्स-रेंवर कोन मोजायचे, आयआरबीचे, म्हणजे नैतिकता समितीचे अर्ज लिहायचे, परिषदेची मुदत संपायच्या आत सारांश तयार करायचा, पेपरचा पहिला मसुदा लिहायचा. हे काम मी कमी लेखत नाही. त्याच्याशिवाय तुमच्या विभागाचं नाव नियतकालिकांत दिसणार नाही. म्हणूनच विचारतो, ज्याच्या श्रमावर विभागाची कीर्ती उभी राहते, त्याला पगार का नाही?

उत्तर ठाऊक आहे: तो फुकट यायला तयार आहे. तो तयार का आहे, याचं उत्तर मात्र तुमच्या निवडपद्धतीत आहे. ऑर्थोपेडिक्सच्या जागा वर्षाला नऊशेच्या आसपास, आणि जवळजवळ सगळ्या भरतात. २६ जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या स्टेप वन या परीक्षेचा निकाल फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा लागतो. विद्यार्थ्यांवरचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगलाच होता. पण अर्जांचा ढीग तेवढाच राहिला आणि त्या गुणांची चाळणी गेली, तेव्हा तुम्ही दुसऱ्या आकड्याकडे, संशोधनाच्या संख्येकडे अधिक झुकलात. तो आकडा आधीपासूनच फुगत होता. ऑर्थोत निवड झालेल्या अमेरिकी एमडी विद्यार्थ्याच्या नावावर २०१८ मध्ये सरासरी साडेअकरा संशोधनाच्या नोंदी होत्या, २०२२ मध्ये साडेसोळा. यात सारांश, पोस्टर, भाषण आणि पेपर सगळं धरतात, म्हणजे एकच अभ्यास तीनदा मोजला जाऊ शकतो. पंचविशीतल्या मुलाने एवढं संशोधन खरोखर केलं असेल, असं तुम्हाला तरी मनापासून वाटतं का?

हे पेपर शेवटी आम्ही वाचतो. गुडघ्याच्या रुग्णाला काय सांगायचं हे ठरवताना मला चांगला पुरावा हवा असतो. आकडा वाढवण्यासाठी घाईने छापलेले छोटे पूर्वलक्षी अभ्यास त्या पुराव्यात भर घालत नाहीत, तो शोधणं अवघड करतात.

माझी एक विद्यार्थिनी अशाच एका विभागात राबली. वर्ष संपल्यावर तिला सांगण्यात आलं, आणखी एक वर्ष थांब, तुझं काम छान चाललंय. ती थांबली. तिच्या मसुद्यांवर पेपर निघाले. अर्जाची वेळ आली तेव्हा इतरांचं सोडाच, त्याच विभागाने तिला मुलाखतीलाही बोलावलं नाही. दरम्यान रुग्णांपासून ती दूर राहिली, नीट-पीजीचा अभ्यास मागे पडला आणि पदवीचं वर्ष जुनं झालं. तिने इथल्या एमएसची तयारी नव्याने सुरू केली. तिला नाकारलं याबद्दल माझी तक्रार नाही, निवडीचा हक्क तुमचाच आहे. पण स्वतःकडे परदेशी पदवीधराला जागा मिळण्याची शक्यता किती, हे त्या विभागाला पहिल्या दिवशीही माहीत होतं. ऑर्थोत निवडल्या गेलेल्यांत परदेशी महाविद्यालयांचे पदवीधर फारच थोडे असतात. हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तुमच्या स्वतःच्या मुलांचंही यात भलं नाही. सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज डोक्यावर घेऊन पदवी घेतलेला, पहिल्या खेपेस जागा न मिळालेला अमेरिकी तरुण याच रांगेत उभा असतो, आणि सहा महिन्यांची सवलत संपली की त्याचे हप्ते सुरू होतात. स्त्रियांचंच पाहा: रूथ जॅक्सन १९३७ साली अमेरिकी ऑर्थोपेडिक बोर्डाचं प्रमाणपत्र मिळवणारी पहिली स्त्री ठरली. इतक्या वर्षांनंतरही तुमच्या शाखेत स्त्रिया थोड्याच आहेत. शाखेची दारं उघडायची आहेत असं तुम्ही म्हणता, आणि उंबऱ्यावर बिनपगारी वर्ष ठेवता. ते वर्ष उमेदवाराच्या बुद्धीची नव्हे, बापाच्या खिशाची परीक्षा घेतं.

काही विभाग पगार देतात, काही मार्गदर्शक फेलोसाठी जिवाचं रान करतात, आणि अशा ठिकाणांहून शिकून आलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणजे हे जमतं. एनआयएच ही अमेरिकी सरकारी संशोधन संस्था पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉक्टरल फेलोसाठी जो दर ठरवते, तो २०२४ च्या आर्थिक वर्षात ६१,००८ डॉलर होता. तेवढं मानधन द्या. देता येत नसेल तर फेलो नेमू नका. मागच्या पाच वर्षांत किती फेलो घेतले, त्यांतल्या किती जणांना ऑर्थोची जागा मिळाली, त्यांत परदेशी पदवीधर किती, हे जाहिरातीतच छापा. वर्षभर ज्याचं काम डोळ्यांनी पाहिलं, त्याला स्वतःच्या विभागात निदान मुलाखत द्या. आणि अर्जातल्या संशोधनाला कडक मर्यादा घाला. इरास या रेसिडेन्सी-अर्जप्रणालीच्या अर्जात अनुभवांवर दहाची मर्यादा घालता आली, तर संशोधनातली उमेदवाराने निवडलेली तीन कामं वाचणं आणि बाकीची संख्या निवड समितीपुढे न ठेवणंही शक्य आहे. त्या तीन कामांबद्दल त्याला प्रश्न विचारा. काम त्याचं आहे की नाही, दहा मिनिटांत कळेल.

हे होईपर्यंत माझ्याकडे शिफारसपत्रासाठी येणाऱ्या प्रत्येकाला आणि त्याच्या आई-वडिलांना मी एकच गोष्ट करायला सांगणार आहे: विभागाला त्यांच्या जुन्या फेलोंचा निकाल लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर जाऊ नका.

कळावे.

आपला,
एक ऑर्थोपेडिक शिक्षक