खाऊवाटपानंतर काय?



दिवाळी जवळ आली की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आदिवासी वाड्यांवर कॉलेजच्या मुलींचे गट येऊ लागतात. कुणी राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे, कुणी नुसत्याच पाचसात मैत्रिणी मिळून. बरोबर फराळाची पाकिटे, वह्या, जुने पण स्वच्छ धुतलेले कपडे. मुले रांगेत उभी राहतात, फोटो निघतात आणि संध्याकाळच्या गाडीने मुली परततात.

या धडपडीची चेष्टा करणे सोपे आहे. मला ती करायची नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी घरातून परवानगी मिळवून, आपला रविवार खर्चून वाडीवर जाते, हे मोलाचेच आहे. पण फराळ वाटून ती घरी गेल्यावर वाडीत काय होते, हे तिला कुणी सांगत नाही.

दिवाळी सरली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघतात. मालकाची उचल आधीच घेतलेली असते. पावसाळ्यात घरातले दाणे संपले म्हणून, दुखण्याखुपण्यासाठी, लग्नासाठी. उचल फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही. हिशेब नवराबायकोच्या जोडीचा, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी अशी तिच्या हातात पडत नाही. पोरेही हाताखाली येतात. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, विटा पलटते. शाळेच्या पटावर नाव राहते आणि मूल जाते. वाटलेल्या वह्या कोऱ्याच राहतात.

या मुलांना आपण 'बिचारी' म्हणतो. पण त्यांचे बिचारेपण आले कुठून? त्यांच्या आईला गावात बारमाही काम नाही, नावावर जमीन नाही, अडीनडीला उचलीशिवाय आधार नाही. आईला वगळून मुलाला मदत कशी होणार? आणि 'या बायका पोरांकडे लक्षच देत नाहीत' असे शिबिराच्या अहवालात लिहिणे हा तर त्या बाईवर दुहेरी अन्याय आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. तेव्हा मदतीचा ओघ लागला आणि तो लागायलाच हवा होता. पण दिवाळीनंतरची वाताहत एका रात्रीत होत नाही. ती दरवर्षी, गाजावाजा न होता होते. तिच्यासाठी मदतफेरी निघत नाही.

याच भागात भाई कोतवालांनी वेगळी वाट दाखवली होती. माथेरानचे हे कार्यकर्ते २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपण जाणतो. त्याआधी त्यांनी इथे शाळा काढल्या, धान्यकोठ्या उभ्या केल्या. पावसाळ्यात सावकाराच्या दारात जावे लागू नये, हा त्यामागचा विचार. भुकेल्याला दाणे देणे आणि त्याला कर्जाच्या फासातून सोडवणे यातला फरक त्यांना नेमका कळला होता.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्यातल्या विद्यार्थिनीला दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. शिवाय सात दिवसांचे शिबिर. एवढ्या तासांत खूप काही होऊ शकते. पावसाळ्यातच वाडीवर जाऊन आयांशी बोलावे, कोणते घर कधी आणि कुठे जाणार याची यादी करावी. मूल गावात ठेवता येणार असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळेकडे करावी. न्यावेच लागणार असेल तर भट्टीजवळच्या शाळेत त्याचे नाव घालावे. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. जातीचे दाखले, जन्माच्या नोंदी यांसाठी आयांबरोबर तहसील कचेरीत जावे. उचलीपायी कुणाला डांबून ठेवले असेल तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तो गुन्हा आहे. मात्र अशा वेळी मुलींनी एकटे भट्टीवर जाऊ नये, संघटनेला बरोबर घ्यावे. मूल संकटात दिसले तर १०९८ हा क्रमांक आहेच.

आणि फोटो? आपल्या घरातल्या लेकराचा हात पसरलेला फोटो आपण छापू का? जो नियम आपल्या मुलाला तोच वाडीवरच्या मुलाला.

यात आपल्या गटांचीही जबाबदारी आहे. कॉलेजच्या मुली आपल्याकडे येतील म्हणून वाट पाहण्यापेक्षा आपणच जवळच्या कॉलेजात जाऊया. त्यांच्यापाशी वेळ आहे, उमेद आहे. आपल्यापाशी कचेऱ्यांचे उंबरे झिजवल्याचा अनुभव आहे. त्यांतल्या काही जणी आश्रमशाळेतून शिकून आलेल्या, वाडीच्याच लेकी असतील. त्यांना पुढे बसवूया, त्यांचे ऐकूया.

फराळ जरूर न्या. पण त्याआधी श्रावणात एकदा जा, आणि दिवाळीनंतर, वाडी निम्मी रिकामी झाल्यावर, पुन्हा जा. कोण गेले, कोण राहिले, ते नावानिशी मोजा.