नेतृत्वाचे वर्ग आणि गावची सभा

राजकारण शिकवून येते का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन टोकांची उत्तरे मिळतात. जुना कार्यकर्ता म्हणतो, ते वस्तीत फिरूनच अंगी बाणते. सुशिक्षित पालक म्हणतात, ते शिकूच नये. या दोहोंच्या मध्ये नेतृत्वप्रशिक्षणाचे वर्ग उभे आहेत आणि त्यांना जाणाऱ्या तरुणांची संख्या नगण्य राहिलेली नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनीची स्थापना १९८२ ची. २०१७ पासून भाईंदरजवळ उत्तन येथील तिच्या परिसरात पदवीधरांसाठी नेतृत्व, राजकारण व शासन या विषयांचा निवासी अभ्यासक्रम सुरू झाला. ज्यांचे नाव संस्थेला लाभले, ते रामभाऊ आमदार व खासदार असताना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवीत. सभा गाजविणारे नेते त्या काळीही पुष्कळ होते. हिशेब देणारे मोजकेच.

अशाच एका वर्गातून परतलेल्या विद्यार्थ्याशी अलीकडे बोलणे झाले. वाणिज्य शाखेचा पदवीधर, वडील शिक्षक, घरी थोडी शेती. भाषणकला, पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे, अभिरूप संसद या साऱ्यांत तो मनापासून रमला. परंतु त्याच्या मनावर ठसली ती एक रुक्ष दुपार. प्रत्येकाने आपापल्या गावच्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मागवून आणावे, असे शिक्षकांनी सांगितले होते. कर आकारणीचा 'नमुना ८' त्याने त्या दिवशी प्रथम पाहिला. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती, आणि तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अटच नाही, हेही त्याला तेव्हाच कळले. अनेक गावांत पहिली सभा ओस का पडते आणि दुसरीत चार माणसे गावाचे निर्णय कसे घेऊन मोकळी होतात, याचा उलगडा या एका तरतुदीत आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवर तासभर बोलू शकणारा हा तरुण स्वतःच्या गावच्या ग्रामसभेला एकदाही गेला नव्हता!

खरी अडचण अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होते. त्याचे बहुतेक सोबती निवडणूक व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्यांत किंवा लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांत रुजू झाले. यात गैर काही नाही. पोटापाण्याचा प्रश्न प्रत्येकालाच असतो. पण दुसऱ्याचे भाषण लिहून देणारे हात तयार होतात आणि प्रभागातील उमेदवारी मात्र पूर्वीच्याच घराण्यांकडे राहते, तेव्हा प्रशिक्षणाचा लाभ कोणाला झाला? विद्यार्थिदशेतील निवडणुकांची वाटही १९९० च्या दशकातच बंद झाली. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तिची तरतूद आली, पण तेवढ्याने महाविद्यालयांत मतपेट्या पोहोचल्या नाहीत.

आणि आपण मध्यमवर्गीय? 'लीडरशिप'च्या वर्गाचे शुल्क आपण आनंदाने भरतो, कारण ते प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला शोभा देते. तोच मुलगा ग्रामपंचायतीला उभा राहतो म्हणाला की घरात शांतता पसरते. वयाची अट २१ वर्षांची, म्हणजे कायदा त्याला योग्य समजतो. मुलगी सांगून येणारी मंडळी मात्र 'राजकारणात आहे' एवढे ऐकूनच परत फिरतात. राजकारण बिघडले म्हणून रोज सायंकाळी दूरदर्शनसंचापुढे हळहळणारी घरे हीच.

हा विद्यार्थी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला गेला. गणपूर्तीअभावी ती तहकूब झाली. पुढच्या सभेलाही तो गेला आणि वित्त आयोगाच्या निधीतून झालेल्या गटाराच्या कामाविषयी त्याने विचारले. 'लेखी द्या,' असे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी सांगितले. त्याने खिशातून लिहून आणलेला अर्ज काढला. पुढील निवडणूक लढविण्याचा त्याचा विचार आहे. वडिलांचा होकार अजून आलेला नाही. आईने मात्र प्रभागाची मतदारयादी मागवून घेतली आहे.