परीक्षानळी : शिट्टीवाल्याची परीक्षा



गेल्या अंकात आम्ही लोखंडी तव्याच्या गंजाबद्दल लिहिलं होतं. बऱ्याच जणांचे फोन आले, आभार. या वेळी मात्र रसायनशास्त्राला सुट्टी. विषय फुटबॉलचा आहे. घाबरू नका, ऑफसाइड समजावून सांगणार नाही!

त्याचं असं झालं. आपल्या मंडळातला एक मुलगा (नाव नको), वय १६, गेल्या वर्षी रेफ्रीचा कोर्स पास झाला. इथे इंग्लंडमध्ये १४ वर्षं पूर्ण झाली की तो करता येतो. रविवारी सकाळी तो मुलांचे सामने घेतो, खिशाला चार पौंड सुटतात. परवा मराठी वर्गानंतर खुर्च्या आवरताना म्हणाला, "काका, मी सोडतोय हे." आणि घडी घातलेला कागद आमच्या हातात दिला. ऑब्झर्व्हरचा रिपोर्ट होता.

आता हा ऑब्झर्व्हर कोण? बहुधा स्वतः वर्षानुवर्षं शिट्टी वाजवलेला जुना रेफ्री. तो सामन्याआधी ओळख करून घेतो आणि मग वही घेऊन रेषेबाहेर उभा राहतो. खेळ चालू असताना तो मध्ये पडत नाही. निर्णय चुकला तरी तो रेफ्रीचाच. वहीत मात्र मिनिट आणि घटना नोंदली जाते. सामना संपला की पाच-दहा मिनिटं बोलणं, आणि नंतर लेखी रिपोर्ट. खेळाचे नियम १७. ते बरोबर लावले का, हे तर बघतातच. शिवाय रेफ्री योग्य जागी उभा होता का, धावला किती, खेळाडूंशी बोलला कसा, फाउल झाला तरी फायदा ज्याचा त्याला मिळावा म्हणून खेळ चालू ठेवला का, हेही बघतात. वरच्या पातळीवर बढती हवी असेल तर असे रिपोर्ट लागतातच.

बऱ्याच लीगमध्ये दोन्ही क्लबही रेफ्रीला १०० पैकी गुण देतात. पण हरलेल्या संघाचा काटा कुठे झुकणार, हे आम्ही सांगायला नको! आमच्या प्रयोगशाळेत असा तराजू कोणी वापरला तर त्याला घरी पाठवतील. म्हणून तर निकालाशी देणंघेणं नसलेला तिसरा माणूस हवा.

तो कागद आम्ही दोघांनी शांतपणे वाचला. सामना १४ वर्षांखालचा होता. १९व्या मिनिटाला डोक्याला मार लागलेल्या मुलासाठी ताबडतोब खेळ थांबवला : उत्तम. मुलांशी बोलणं सौम्य पण ठाम : उत्तम. उत्तरार्धात चेंडूपासून फार मागे राहिलास, म्हणून ५१व्या मिनिटाचा फाउल दिसला नाही : तिरकं धाव. शिट्टी जोरात वाजव, म्हणजे शंका राहणार नाही. बस्स, एवढंच. पण पोराने शेवटच्या दोनच ओळी पाठ केल्या होत्या!

हे तिरकं धावणंही गमतीचं आहे. मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे रेफ्रीने धावायचं, ही पद्धत रुजवली सर स्टॅन्ली राउस यांनी. पेशाने ते शाळामास्तर. १९३४ साली एफए कपच्या अंतिम सामन्याचे रेफ्री होते, आणि पुढे १९६१ ते १९७४ फिफाचे अध्यक्ष झाले. म्हणजे आपल्या पोराला मिळालेला सल्ला काही ऐरागैरा नव्हता.

आम्हाला सर्वांत आवडली ती युरोपच्या मोठ्या सामन्यांत यूएफाने वापरलेली गुणपद्धत. सामना नीट पार पाडला तर १० पैकी साधारण ८.३ किंवा ८.४. एखादी ढळढळीत, महत्त्वाची चूक झाली तर ७.९. पण शेजारी हेही लिहितात, की ती चूक नसती तर ८.४ मिळाले असते. रसायनशास्त्राच्या माणसाला हे लगेच पटतं. एक वाचन चुकलं म्हणून अख्खा प्रयोग मोरीत ओतायचा नसतो. चूक वेगळी नोंदवायची, बाकीचं काम वेगळं.

मुलाला आम्ही हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, रिपोर्टचं एवढं नाही. पण त्याच्या आधी तासभर सगळे पालक ओरडत होते. मग हा कागद वाचला आणि वाटलं, ते बरोबरच बोलत होते."

इथे आम्ही गप्प झालो. कारण गेल्या हिवाळ्यात आमच्या चिरंजीवांच्या सामन्यात आम्हीही रेषेवरून ओरडलो होतो. "रेफ्री, डोळे आहेत का?" असं, आणि तेही मराठीत, कुणाला कळणार नाही म्हणून! समोरचा रेफ्री असाच कोणाचा तरी १६ वर्षांचा मुलगा होता. त्याने घरी जाऊन काय ठरवलं असेल, कोण जाणे.

आणि मंडळी, आपण मंडळात तरी वेगळं काय करतो? गणपतीचा कार्यक्रम झाला की आठवडाभर फोन चालू. भात कमी पडला, माइक बिघडला, नाटक लांबलं. सगळं खरं. पण ज्याने भात केला त्याच्या कानावर ते पाचव्या तोंडातून, मीठमसाला लावून जातं. पुढच्या वर्षी तो स्वयंसेवक दिसत नाही, आणि आपण म्हणतो, हल्ली कोणी पुढे येत नाही.

म्हणून दिवाळीच्या कार्यक्रमाला आम्ही दाराशी कोरे कागद ठेवणार आहोत. दोन गोष्टी चांगल्या झालेल्या, दोन सुधारण्याजोग्या, प्रत्येक नेमकी लिहा. "व्यवस्था वाईट" नको. "साडेसातला चहा संपला" असं लिहा. खाली स्वतःचं नाव घाला. ऑब्झर्व्हरही रिपोर्टवर नाव घालतोच की!

मुलाचं काय झालं? या रविवारी त्याचा सामना आहे. तो जाणार म्हणालाय, पुढचं बघू म्हणालाय. आम्ही दोघं थर्मास घेऊन रेषेवर उभे राहणार आहोत. तोंड बंद ठेवून.