राऊटरला पेनड्राइव्ह : सोय आहे, तिजोरी नव्हे

पेण आणि रोह्याच्या बाजारात इंटरनेटचा राऊटर आता किराणा दुकानापासून फॅब्रिकेशनच्या शेडपर्यंत पोहोचला आहे. पुष्कळ राऊटरांना मागे यूएसबीचे एक भोक असते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. त्यात पेनड्राइव्ह लावून शेअरिंग सुरू केले की गल्ल्यावरचा कॉम्प्युटर, आतल्या खोलीतला कॉम्प्युटर आणि मुलाचा मोबाइल यांना एकच दरपत्रक, तीच कोटेशने, तेच डिझाइनचे फोटो दिसतात. पेनड्राइव्ह घेऊन आतबाहेर धावायला नको. खर्चही किरकोळ. एवढ्यासाठी आमची शिफारस आहे.

परंतु काही व्यापारी बांधव टॅलीचा चालू डेटाही तेथेच ठेवतात. याला आमचा स्पष्ट विरोध आहे. पेनड्राइव्हची मेमरी पुन्हा पुन्हा लिहिण्याने झिजते. त्यातून लिहिणे चालू असताना वीज गेली तर सगळा डेटा वाचता येईनासा होऊ शकतो, आणि कोकणच्या पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे आम्ही सांगायला नको. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. 'पेनड्राइव्ह उडाला' हे उत्तर साहेबांपुढे चालणार नाही. डेटा कॉम्प्युटरमध्येच असावा, संध्याकाळी त्याची नक्कल राऊटरवर जावी आणि दुसरी नक्कल घरी न्यावी. कुंडलिकेचे पाणी दुकानात शिरले तर कॉम्प्युटर आणि राऊटर दोन्ही एकदमच जातात.

दुसरा धोका व्हायरसचा. 27 जून 2017 रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. 'नॉटपेट्या' हा तो व्हायरस. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि फाइल शेअरिंगच्या एसएमबी-1 या जुन्या पद्धतीतील दोषाचाही फायदा घेत जगभर पसरला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा!

गंमत म्हणजे कित्येक जुने राऊटर आजही हीच पद्धत वापरतात. 2017 अखेरपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंदच येते, म्हणून राऊटरवरचा पेनड्राइव्ह दिसत नाही. मग मेकॅनिक येतो, एसएमबी-1 चालू करून देतो आणि 'झाले काम' म्हणून पैसे घेऊन जातो. त्याला तसे करू देऊ नये. राऊटरचे नवे सॉफ्टवेअर मिळत असेल तर ते टाकून घ्यावे, नाहीतर राऊटर बदलावा. बाहेरून इंटरनेटवरून पेनड्राइव्ह उघडण्याची सोय चालू असेल तर ती बंद करवावी, आणि कंपनीकडून आलेला पासवर्डही बदलून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. मेकॅनिकच्या हातात पैसे ठेवण्यापूर्वी ते आपल्यासमोर करवून घ्यावे.