सृष्टिविज्ञान : पाणथळीची परीक्षा

नाशिक जिल्ह्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीस २०२० सालीं रामसर यादींत स्थान मिळालें. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच. हिंवाळ्यांतील पक्ष्यांचे थवे पाहून पाणीही निरोगी असेल, असें आपण सहज म्हणतों. पण पक्षी उडून जाऊं शकतो; माशास तें साधत नाहीं! परीक्षा करावयाची ती पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूची, आणि तीही पहांटे. उन्हांत शेवाळ प्राणवायु सोडतें, म्हणून भर दुपारचा नमुना फसवा. रात्रीं तेंच शेवाळ तो ओढून घेतें. लिटरमागें ४ मिलिग्रॅमच्या खालीं प्रमाण उतरलें कीं बहुतेक माशांस त्रास होऊं लागतो. तळचा चिखलही चाळावा. नुसत्या तांबड्या अळ्याच निघाल्या, तर प्राणवायूची वाण पडली असें समजावें. जलपर्णी उपसणें हा वरवरचा उपाय. सांडपाण्यावर पोसलेली ती पुन्हां पसरते.