पोट आहे की वसुली खातं?

हिवाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आम्हा मराठी मध्यमवर्गीयांच्या तोंडी एकच मंत्र असतो: ‘एवढ्याने काय होतंय!’ नाताळच्या केकला हाच मंत्र, लग्नातल्या जिलेबीला हाच, थर्टीफर्स्टच्या तिसऱ्या पेगला हाच. संक्रांतीच्या गुळपोळीवर तुपाची धार धरताना तर तो मोठ्याने म्हटला जातो. ‘एक दिवसाने काही होत नाही’ असले दिवस मार्गशीर्षापासून मोजायला घ्या, रथसप्तमी उजाडेपर्यंत संपत नाहीत.

हुरडा पार्टीचंच बघा. पुण्याजवळच्या कुठल्याही कृषी पर्यटनाच्या फलकावर ‘अनलिमिटेड’ हा शब्द हुरड्यापेक्षा मोठ्या अक्षरांत असतो. सकाळी गेल्या गेल्या मिसळ, वर उसाचा रस. मग हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. दुपारी पिठलं-भाकरी, भरीत, ठेचा, त्यात जिलेबी का, ते विचारायचं नाही. संध्याकाळी भजी. मधल्या वेळात बैलगाडीतून शंभर पावलांची फेरी, कारण शेतात आलो तरी चालणं आमच्या पॅकेजात बसत नाही. माणशी पैसे भरलेत ना, मग ते वसूल झालेच पाहिजेत, आणि वसुलीची जबाबदारी पोटावर. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे, हे सगळं गावातल्या बायका करतात. त्यांचे तळवे राखेने काळे होतात. चुलीपुढे बसलेली बाई धुराने डोळे पुसत भाकऱ्या थापत असते. आमचं काम एकच: ताट पुढे करणं आणि ‘अजून आण गं’ म्हणणं. वयाने आईएवढ्या बाईला ‘आण गं’!

या खाण्यावर कुणी बोललं की सोसायटीतले काका आयुर्वेद काढतात. ‘थंडीत अग्नी प्रदीप्त असतो, स्निग्ध खावं, शास्त्रातच सांगितलंय.’ सांगितलंय, काका. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात हेमंत ऋतूत गोड-आंबट-खारट आणि तेलातुपाचं खायला सांगितलंच आहे. पण त्याच ऋतुचर्येत अंगाला तेल चोळून घ्यायला, व्यायाम करायला आणि चक्क कुशल मल्लांशी कुस्ती खेळायलाही सांगितलंय. आम्ही तूप तेवढं उचललं आणि पैलवान वाग्भटाकडेच ठेवला. डिंकाचा लाडू ही बाळंतिणीची आणि कष्टकऱ्याची ताकद होती. आता तो लॅपटॉपपुढे बसून, डावा हात माऊसवर ठेवून, चहाबरोबर खाल्ला जातो. त्यानंतर जी एकमेव हालचाल होते, ती दुसऱ्या लाडवाकडे.

पदार्थांशी माझं भांडण नाही. बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, भोगीची सात भाज्यांची मिसळ भाजी यांच्याइतकं शहाणं जेवण शोधून सापडायचं नाही. माझं भांडण आग्रहाशी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावरचे असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे तुमच्या पंगतीतही ते बसलेले असणारच. त्यांनी ताटावर आडवा हात धरला की वाढपी तो हात बाजूला सारून बासुंदी ओततो, आणि यजमान खुशीत म्हणतात, ‘आज काय ते गोळीबिळी विसरा!’ या क्रौर्याला आम्ही पाहुणचार म्हणतो.

गंमत अशी की वजनाचा खरा आकडा आमच्या रडण्याएवढा नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००० साली छापून आलेल्या अमेरिकी अभ्यासात १९५ प्रौढांची वजनं घेतली होती. सुट्ट्यांच्या दिवसांत वाढ सरासरी फक्त ३७० ग्रॅम. पण ते ३७० ग्रॅम पुढे उतरले नाहीत. दर हिवाळ्यात थोडी भर, कर्ज मात्र कायमचं. भीती बाळगायचीच तर हृदयाची बाळगा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. स्वीडनमधल्या १९९८ ते २०१३ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा २४ डिसेंबरला हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. जास्त फटका पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि मधुमेह्यांना. दारू ढोसून सुट्टीत हृदयाचे ठोके बिघडलेले रुग्ण पाहून अमेरिकी डॉक्टरांनी १९७८ सालीच त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. पण आम्हाला काळजी असते ती बार पहाटे पाचपर्यंत उघडे राहणार की नाही याची.

मग येतो जानेवारी आणि त्याच्यामागे डिटॉक्सवाले. हिरवा रस, काळं पाणी, ‘एकवीस दिवसांत शरीरशुद्धी’. अहो, शुद्धीचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकट करतात, त्यांना फक्त तुमचा त्रास नको असतो. पण डिसेंबरात अनलिमिटेडचं तिकीट काढणाऱ्याला जानेवारीत वर्षभराची जिमची पावती विकणं सगळ्यात सोपं. दोन्हीकडे हिशोब तोच: पैसे टाकले की शरीराने आपापलं निस्तरावं.

म्हणून या सुट्टीत संकल्पबिंकल्प सोडा. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की डाव मागे घ्या. आणि घरातल्या समस्त लाडूप्रेमी पुरुषांना माझं जाहीर आव्हान: यंदा डिंकाचे लाडू तुम्ही करा. खारीक खलबत्त्यात कुटा, खोबरं किसा, डिंक मंद आचेवर तुपात फुलवा, गूळ चिरा, मिश्रण गरम आहे तोवर वळा. हात भाजले, खांदे भरून आले की मग खुशाल खा. वाग्भटाला पैलवान हवा होता. तुम्ही निदान खलबत्त्याशी तरी झोंबा.