ओरिजिनल की लोकल?

दोस्तांनो, कुकरची रिंग सैल झाली की घरात एक प्रश्न हमखास निघतो. नवी रिंग कंपनीची आणायची, की बाजारात स्वस्त मिळते ती? दुकानदारही विचारतो, "ओरिजिनल देऊ की लोकल?" आणि आपण बहुतेक वेळा किंमत ऐकून उत्तर देऊन मोकळे होतो.

आज हाच प्रश्न एका मोठ्या यंत्राच्या बाबतीत सोडवू या. त्यासाठी अमेरिकेत जायला हवं, फोर्ड कंपनीच्या क्राउन व्हिक्टोरिया गाडीपाशी. इंग्रजी सिनेमात चोरांचा पाठलाग करणारी पोलिसांची लांबलचक गाडी पाहिली आहे ना? किंवा न्यूयॉर्कची पिवळी टॅक्सी? बरेचदा ती हीच असायची! २०११ साली तिचं उत्पादन थांबलं, पण जुन्या गाड्या अजूनही धावतात. तिथे अनेक मुलांना सोळाव्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो आणि पहिली गाडी अशीच कुणाची तरी जुनी, स्वस्तातली असते.

या गाडीत ४.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन असतं. चार सिलिंडर एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे. त्या 'व्ही'च्या मधोमध बसतो आपला आजचा पाहुणा, इनटेक मॅनिफोल्ड. आपली श्वासनलिका कशी फुटत फुटत फुप्फुसांत जाते, तसाच हा. एका तोंडाने हवा घ्यायची आणि आठ नळ्यांतून आठ सिलिंडरांना वाटायची. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते, बरं का! म्हणजे हे काम काही किरकोळ नाही.

१९९६ ते २००१ या मॉडेलांपैकी बऱ्याच गाड्यांत हा मॅनिफोल्ड अख्खा प्लास्टिकचा होता. दचकू नका. हे बादलीचं प्लास्टिक नव्हे, काचतंतू घातलेलं कणखर नायलॉन. ते हलकं असतं, नळ्या आतून गुळगुळीत होतात आणि इंजिनाची उष्णता आतल्या हवेला कमी लागते. गार हवा दाट असते, म्हणून ती फायद्याची. कल्पना हुशारीचीच होती.

मग घोटाळा कुठे झाला? या मॅनिफोल्डला दुसरंही एक काम दिलेलं होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायची वाट त्याच्याच पुढच्या टोकातून होती. हे पाणी ९० अंशांच्या आसपास तापलेलं आणि वर दाबाखाली. रोज तापायचं, रोज निवायचं. वर्षानुवर्षं हा मार खाऊन नेमक्या त्या पाण्याच्या वाटेला चिरा जाऊ लागल्या. हवेच्या नळ्या धडधाकट आणि पाण्याची वाट फुटलेली!

चीर गेली की कूलंट गळतं. कधी ते स्पार्क प्लगच्या खळग्यात साचतं आणि इंजिन अडखळतं. लक्ष दिलं नाही तर पाणी संपून इंजिन तापतं, त्याचं हेड वाकतं. मग मॅनिफोल्डची दुरुस्ती बाजूला राहते आणि अख्खी गाडी भंगारात काढायची वेळ येते. टॅक्सीवाल्याची तर रोजीरोटीच बुडाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००५ साली तडजोड झाली.

आता तुम्हीच मेकॅनिक व्हा. समोर चिरलेला मॅनिफोल्ड आहे. नवा कुठला घ्याल?

पहिला पर्याय, भंगारातल्या तसल्याच गाडीचा काढलेला. अस्सल कंपनीचा आणि सगळ्यांत स्वस्त. पण थांबा! जर तोही जुन्या घडणीचा असेल, तर त्यानेही तितकीच वर्षं मार खाल्लाय. आज नाही तर उद्या तोही चिरणार.

दुसरा, कंपनीचाच सुधारलेला. फोर्डने पुढे पाण्याची वाट ॲल्युमिनियमची केली आणि हवेच्या नळ्या प्लास्टिकच्याच ठेवल्या. ज्याचं काम त्याला!

तिसरा, बाहेरच्या कंपनीचा. डॉर्मनसारख्या सुटे भाग बनवणाऱ्यांनीही ॲल्युमिनियमची वाट असलेले मॅनिफोल्ड काढले.

चौथा, शर्यतीच्या शौकिनांसाठी केलेला. त्याच्या नळ्या बहुधा आखूड आणि रुंद असतात. इंजिन खूप वेगाने फिरत असताना त्या जास्त हवा देतात. पण सिग्नलवरून जड गाडी उचलायला लांब नळ्याच बऱ्या. रोज कॉलेजला जायच्या गाडीला तो कशाला?

पाहिलंत ना? 'कंपनीचा' हा शब्द पहिल्या पर्यायातही आहे आणि दुसऱ्यातही, पण एक धोक्याचा आणि एक भरवशाचा! आणि बाहेरचा असूनही तिसरा पहिल्यापेक्षा शहाणा. म्हणून खोक्यावरचं नाव वाचण्याआधी विचारायचं, की जुना भाग कशामुळे मोडला आणि नव्यात ते कारण दूर केलंय का?

दुसरा प्रश्न, तो आपल्या इंजिनाला बसेल का? नुसतं '४.६ लिटर' म्हणून भागत नाही. क्राउन व्हिक्टोरियात २००१ पासून याच इंजिनाची हेड बदलली, हवा आत घेणाऱ्या भोकांचा आकारही बदलला. म्हणून गाडीचं वर्ष आणि हेडचा प्रकार पाहूनच भाग मागवायचा.

आणि तिसरा, बसवणार कसा? जुनी गॅस्केट पुन्हा वापरायची नाही. बसण्याची जागा ओरखडे न पाडता साफ करायची. बोल्ट ठरलेल्या क्रमाने, टॉर्क पान्याने, सांगितलेत तेवढेच आवळायचे. "अजून थोडा आवळतो" म्हणणाऱ्या हाताने नवाकोरा मॅनिफोल्डही चिरतो!

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातली एखादी मोडकी वस्तू शोधा, सायकलचं पेडल, मिक्सरचं कपलिंग, छत्रीची काडी, काहीही. ती नेमकी कुठे आणि कशामुळे मोडली, ते निरखून वहीत चित्र काढा. मग दुकानात जा. "ओरिजिनल की लोकल?" असं दुकानदाराने विचारलं, की या वेळी आधी तुम्ही त्याला प्रश्न विचारा!